वाळवी बघायची तर सकाळी बघा



वाळवीच्या बाबतीत आपण औषधाला कमी पडत नाही, बघण्याची वेळ चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. सुरू लागणीची उगवण विरळ आहे म्हणून एका सभासदाने बोलावले. एप्रिल महिना, दुपारचे दोन. खुरप्याने दोन ठिकाणी उकरले, वाळवी दिसली नाही. "पाणी लांबलंय, दुसरं काही नाही," असं सांगून मी परत आलो. आठ दिवसांनी सकाळी गेलो, तर टिपऱ्या आतून पोकळ, माती भरलेल्या, आणि सरीत वाळवीच वाळवी. नांग्या भरायचं बेणं अन् मजुरी त्या बिचाऱ्याच्या अंगावर पडली.

कारण साधे आहे. वाळवीचे अंग नाजूक, उन्हात ती लगेच सुकते. उन्हाळ्यात उघड्या जमिनीचा वरचा थर 50 अंशांच्याही पुढे तापतो. हातभर खाली मात्र दिवसरात्रीत फारसा फरक पडत नाही. म्हणून वरची माती तापली की ती खाली उतरते आणि गारवा आला की वर येऊन टिपरी खाते. कडाक्याच्या थंडीत याच्या उलट. तेव्हा ऊन चढल्यावर बघावे.

"पाचटामुळे वाळवी येते, जाळून टाका," असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वाळवी वाळके पाचट खाते हे खरे. त्याखाली माती गार राहते, म्हणून ती दुपारीही वरच सापडते. पण पाचट जाळून घरचे खत जाते, जमिनीतले वारूळ तसेच राहते. पाचट ओले ठेवून कुजवा आणि अधूनमधून उचलून बघा.

हलक्या, मुरमाड रानात पाण्याची पाळी चुकवू नका. ताण पडलेल्या उसाला वाळवी आधी लागते. बेणेप्रक्रिया लागणीच्या वेळीच करा. अजूनही कोणी बीएचसी पावडर मागतात. तिच्यावर 1997 पासून बंदी आहे. आज शिफारस असलेले औषध गट ऑफिसात विचारूनच घ्या.

शेवटी एक विनंती. उन्हाळ्यात वाळवीची शंका आली तर आम्हाला सकाळी सातला बोलवा. आमचा माणूस भर दुपारी येऊन "काही नाही" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. तो मी असलो तरीसुद्धा.

— ऊस विकास अधिकारी