ह्यांना कळलं तर?

"वहिनी, दादाला काही सांगू नका हं. त्याचं हार्ट आधीच वीक, धक्का सोसवायचा नाही." बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळी धाकट्या दिरांचा फोन आला. पाठोपाठ वन्संचा. त्यांचंही तेच. सासूबाईंनी तर देवापुढे बसून मला शपथच घातली.

मीही मान डोलावली. सात वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली, तेव्हा आयसीयूच्या काचेतून पाहिलेलं नळ्यांचं जाळं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आता दाढी करताना मानेला लागलेली गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निघाली होती. मी ह्यांना सांगितलं, "टीबीची गाठ आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, की झालं."

मैत्रिणींनो, एक कबुली द्यायला हवी. आमच्या महिला मंडळातर्फे मी गेली आठ वर्षं पालिकेच्या रुग्णालयात जाते. नातेवाइकांना फॉर्म भरून देते, कागद कुठे न्यायचे ते सांगते. "पेशंटपासून लपवू नका हो," हे वाक्य तिथे मी किती जणांना ऐकवलं असेल! आणि वेळ स्वतःवर आली, तेव्हा सगळं शहाणपण कापरासारखं उडून गेलं. दुसऱ्याच्या घरात धीर देणं सोपं असतं.

चार दिवसांनी फाइल घेऊन मी आणि भाऊजी कर्करोगतज्ज्ञांकडे गेलो. ह्यांना घरीच ठेवलं. डॉक्टरांनी कागद पाहिले, बायपासची नोंद पाहून थांबले. "जिना चढताना दम लागतो का? रात्री सपाट झोपता येतं का? पायांना सूज?" मी ठामपणे सांगितलं, "छे हो, रोज डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जातात."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. आणि उपचारांच्या कागदावर सही कोणाची घेऊ? तुमची?"

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर ह्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रडले मीच. हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, टीबी आहे म्हणतेस आणि आठ दिवस झाले तरी एक गोळी सुरू नाही. मी काय खुळा आहे?" आणि मग हळूच, "मलाही एक सांगायचंय. दोन महिने झाले, स्टेशनच्या पुलावर दोनदा थांबावं लागतं. तुला उगाच घोर नको, म्हणून बोललो नाही."

म्हणजे मी ह्यांच्यापासून कर्करोग लपवत होते आणि हे माझ्यापासून दम! आणि डॉक्टरांना मी जे ठामपणे सांगून आले, ते साफ चुकीचं होतं.

ही चूक केवढ्याला पडली असती, ते पुढच्या भेटीत कळलं. लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारात डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल रंगाचं औषध असतं. ते गुणकारी आहे, पण हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. म्हणून ते देण्याआधी टू-डी इको करून हृदय किती जोराने रक्त ढकलतं ते पाहतात आणि औषधाची आयुष्यभराची एकूण मात्राही मोजून ठेवतात. ह्यांचा इको केला. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ टक्क्यांच्या वर असतो, ह्यांचा निघाला ४२. दोन्ही तज्ज्ञ एकमेकांशी बोलले आणि ते लाल औषध वगळून दुसरा बेत ठरला. पुलावरचं ते दोनदा थांबणं डॉक्टरांपर्यंत पोचलं, म्हणून त्या आकड्याकडे त्यांनी अधिक गांभीर्याने पाहिलं.

"हृदय कमजोर आहे म्हणून सांगू नका," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. माझा अनुभव म्हणतो, हृदय कमजोर आहे म्हणूनच सांगितलं पाहिजे. दम, धडधड, पायांची सूज ही लक्षणं रुग्णाच्या अंगात असतात, नातेवाइकांच्या नाही. कशासाठी विचारतात हेच ठाऊक नसेल, तर तो नीट उत्तर तरी कसा देणार?

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सज्ञान रुग्णाच्या उपचारांना संमती त्याची स्वतःचीच हवी. तातडीने जीव वाचवायचा प्रसंग नसेल, तर दुसऱ्या कोणाची चालणार नाही. त्या प्रकरणात रुग्ण स्त्री भुलीखाली होती आणि गर्भाशय काढण्यासाठी संमती घेतली होती तिच्या आईची. आईची माया खरी, पण शरीर लेकीचं. नवऱ्याच्या बाबतीत बायकोलाही हेच लागू नाही का?

सांगायचं म्हणजे धाडकन तोंडावर फेकायचं नाही, हेही खरं. माणूस विचारील तेवढं, त्याला पेलेल तसं, जमल्यास डॉक्टरांसमोर सांगावं. आमच्या पिढीच्या मनात कर्करोग म्हटलं की १९७१ सालचा 'आनंद' उभा राहतो. त्यातल्या नायकाचा आजार ह्यांच्या आजाराच्याच कुळातला. पण तेव्हापासून लिम्फोमाची औषधं खूप पुढे गेली आहेत आणि अनेक प्रकार आज बरे होतात. हे ऐकण्याचा हक्कही लपवालपवीत हिरावला जातो. आणि गंमत म्हणजे त्या आनंदला स्वतःला सगळं ठाऊक होतं!

ज्यांच्या घरी असे दोन आजार एकत्र आले असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी. हृदयाची जुनी फाइल, ऑपरेशनचा सारांश आणि चालू गोळ्यांची यादी प्रत्येक भेटीला जवळ ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी बायॉप्सीसाठी किंवा प्लेटलेट कमी झाल्यावर थांबवायची का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरू द्या. आपल्या मनाने बंद नको, चालूही नको. केमोच्या काळात ताप १००.४ च्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणि शेजारपाजारून प्रेमाने येणारे रस, काढे, चूर्ण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका. मला ह्यासाठी दोन घरांशी वाईटपणा घ्यावा लागला, तो घेतला.

आपल्या स्वतःबद्दलही थोडं. लपवण्याचं ओझं फार असतं. न्हाणीघरात नळ सोडून रडायचं आणि बाहेर येऊन हसत चहा टाकायचा, असे आठ दिवस मी काढले. सांगितल्यानंतर आजार काही कमी झाला नाही, पण तो दोघांचा झाला. स्टिरॉइडच्या पाच दिवसांत ह्यांची चिडचिड होते, साखर वाढते. "हे गोळ्यांचं बोलणं आहे हं, माझं नाही," असं हे स्वतःच सांगतात. पथ्याची वही हेच लिहितात. बँकेचे कागद कुठे आहेत ते मला दाखवून झालंय. हे दाखवताना दोघांचेही हात जरा थरथरले, नाही असं नाही.

सहापैकी चार केमो झाल्या. पुढचं आत्ताच कोणी सांगू शकत नाही, आम्हीही विचारत नाही. सासूबाईंचा राग अजून पुरता गेलेला नाही. शपथ मोडली ना मी! वन्संचा फोन मात्र रोज येतो. अजूनही आवाज बारीक करून मला विचारतात, "दादा कसा आहे गं?"

मी म्हणते, "थांबा वन्सं, त्यांनाच विचारा," आणि फोन ह्यांच्या हातात देते.