दुखावलेला स्नायू आणि दोन ग्राही

स्नायू फाटला की तंतूंच्या कडेला सुप्त असलेल्या, 1961 साली अलेक्झांडर मौरो यांनी वर्णिलेल्या उपग्रह पेशी जाग्या होतात, विभागतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. या दुरुस्तीवर कॅनाबिनॉइड ग्राहींचा, म्हणजे गांजातील द्रव्यांना व शरीरातच बनणाऱ्या तत्सम रेणूंना प्रतिसाद देणाऱ्या पेशीपटलावरील प्रथिनांचा, प्रभाव पडतो. अशा रेणूंपैकी पहिला 1992 मध्ये जेरुसलेम येथे सापडला आणि संस्कृत ‘आनंद’वरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले गेले, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. मात्र सीबी1 आणि सीबी2 या दोन कॅनाबिनॉइड ग्राहींचे काम एकसारखे नाही. मुख्यतः प्रतिकारपेशींवर आढळणारा सीबी2 उद्दीपित केल्यास उंदरांच्या जखमी स्नायूत व्रणऊती, म्हणजे आकुंचन न पावणारी तंतुमय भर, कमी साचते आणि नवे तंतू अधिक निर्माण होतात. उलट सीबी1 सक्रिय झाल्यास अपक्व स्नायूपेशींची परिपक्वता मंदावते, आणि तो रोखल्यावर डुशेन स्नायुक्षयासारखा विकार असलेल्या उंदरांची हालचाल सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे गांजाने स्नायू भरून येतो, हा सरसकट दावा या संशोधनातून मुळीच निघत नाही, कारण गांजातील टीएचसी हे द्रव्य दोन्ही ग्राहींशी जोडले जाते.