गाडीच्या खोलीची जमीन

बेळगाव व खानापूर या भागांतील आपल्या खेड्यांतून हिंडताना अलीकडे एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. जेथे पूर्वी गोठा होता, तेथे आता मोटारीची खोली उभी आहे. मुलगा आखातात अथवा गोव्यात नोकरीस असतो. तो सुट्टीवर येतो, गाडी घेतो आणि तिला छप्पर हवे म्हणून घराच्या बाजूस एक खोली बांधून घेतो. भिंती व छप्पर यांविषयी घरात फारशी चर्चा होत नाही. जमीन कशाची करावी या प्रश्नावर मात्र बापलेकांचे एकमत होत नाही, आणि अखेरीस दुकानदाराने दाखविलेली सर्वांत चकचकीत फरशी घरी येते. या चकचकीत फरशीविषयी, आणि तिच्याऐवजी काय करावे याविषयी, वाचकांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या घरांतील ही खोली केवळ गाडीची नसते. सुगीत भाताची पोती तेथेच रचली जातात, नाताळाआधी नेवऱ्या तळण्याची चूल तेथेच मांडली जाते, आणि घरात कोणाचे निधन झाले तर प्रार्थनेस आलेली माणसे, पडवीत जागा उरली नाही की, तेथेच बसतात. गाडी रात्री येते व सकाळी जाते. माणसांची ये-जा मात्र दिवसभर चाललेली असते, आणि पावसाळ्यात ती ओल्या पायांनी चाललेली असते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी बैठकीच्या खोलीत शोभते. परंतु तिच्यावर पाण्याचा पातळ थर आणि त्यात डिझेलचा एखादा थेंब मिसळला की तरण्या माणसाचाही पाय ठरत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी आजीबाई कोंबड्यांना दाणे घालून परतताना अशाच फरशीवर घसरल्या व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तरी त्यानंतर त्या काठीवाचून चालल्या नाहीत. मुलाने हौसेने आणलेल्या त्या फरशीवर आता बारा महिने गोणपाट अंथरलेले असते.

दुसरी गोष्ट वजनाची. लहान मोटार झाली तरी तिचे वजन ८०० ते १,००० किलो असते, आणि ते सर्व चार चाकांखालच्या तळहाताएवढ्या चार जागांवर पडते. चाक बदलताना जॅक लावला की भार आणखी लहान जागेवर येतो. फरशीखाली कोठे पोकळी राहिली असेल, तर ती नेमकी तेथे फुटते. म्हणून जमिनीचे आयुष्य वरच्या थरापेक्षा खालच्या भरावावर अधिक अवलंबून असते. खानापूर-जांबोटीकडील तांबडी माती व जांभा यांवर फारशी चिंता नाही. पूर्वेस बैलहोंगल-सौंदत्तीकडे मात्र काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काम केले तर सोन्याची फरशी घातली तरी ती उललीच म्हणून समजावे. तेथे काळी माती जमेल तितकी खोल काढून टाकावी, मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावा आणि मग दगडाचे सोलिंग करावे. या कामाचे पैसे वाचविण्याचा मोह अनेकांस होतो, कारण ते पुढे कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही.

त्यावर काय घालावे? माझे मत विचाराल तर सिमेंट-काँक्रीटचा चांगला कोबा. नाव साधे आहे आणि म्हणूनच त्यास कोणी मान देत नाही. सोलिंगवर मुरमाचा सपाट थर देऊन जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. त्यावर ४ इंच जाडीचे काँक्रीट असावे. १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू व ३ भाग खडी हे प्रमाण घरगुती गाडीस पुरते. १० फूट रुंद व १६ फूट लांब खोलीस या हिशेबाने सुमारे १२ पोती सिमेंट लागते. ५० किलोच्या पोत्यास २५ लिटरपेक्षा अधिक पाणी घालू देऊ नये, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. बिगारी बिचारा थकलेला असतो; माल पातळ असला की फावड्याने सहज सरकतो, म्हणून तो घमेल्यामागून घमेले पाणी ओतीत जातो. हे अधिक पाणी पुढे वर येते आणि सुकल्यावर कोबा पिठासारखा सुटू लागतो. वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई करण्याची रीतही काही गवंड्यांत आहे. पहिल्या दिवशी ती फार देखणी दिसते. पण वर्षा-दोन वर्षांत वरचा पापुद्रा निघू लागतो. पाणी आपोआप जिरेपर्यंत थांबावे आणि मगच थापी धरावी.

मागच्या भिंतीपासून दारापर्यंत १६ फुटांत २ इंच ढाळ असावा. तो नजरेने न ठरविता पाणसळ लावून पाहावा. मध्यभागी, म्हणजे ८ फुटांवर, इंचभर खोल सांधा ठेवावा. काँक्रीट आकसताना कोठेतरी तडकणारच. सांधा दिला की ते सांध्यात तडकते. शेवटी कोबा पुरता घट्ट होण्यापूर्वी त्यावरून राठ झाडू एकदाच, सरळ आडवा ओढावा. त्या बारीक रेषांमुळे चाक घसरत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा पायही घसरत नाही.

येथे गवंड्याचे काम संपते, आणि घरच्या माणसांचे काम सुरू होते. या टप्प्यावर जितके कोबे बिघडतात, तितके अन्य कोणत्याही कारणाने बिघडत नसावेत. सिमेंट वाळून घट्ट होते अशी आपली समजूत आहे. वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि पाणी उडून गेले की ती क्रिया तेथेच थांबते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचे काम निदान ७ दिवस व राख मिसळलेल्या सिमेंटचे निदान १० दिवस ओले ठेवावयाचे असते. उष्ण व कोरड्या हवेत अनुक्रमे १० व १४ दिवस. आज दुकानात मिळणारे पोते पुष्कळदा राख मिसळलेलेच असते, तेव्हा १४ दिवस धरून चालावे. सकाळ-संध्याकाळ पाइपाने शिंतोडे उडविणे पुरेसे नाही. कडेने मातीचे आळे घालून इंचभर पाणी तुंबवून ठेवावे. ज्या घरात हे काम ‘सर्वांचे’ असते, तेथे ते कोणीच करीत नाही. एकाचे नाव ठरवून द्यावे. लग्नसराई जवळ आली म्हणून मे महिन्यात हे काम काढणे सर्वांत वाईट. तेव्हा ऊन कडक असते आणि विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. गाडी आत घेण्यास २८ दिवस थांबता आले तर थांबावे.

कोबा करडा व उदास दिसतो, अशी तक्रार घरातील स्त्रिया करतात आणि ती खोटी नाही. तिच्यावर आपल्याकडील जुना उपाय आहे. गोव्यातील जुन्या घरांतून लाल काव मिसळलेल्या सिमेंटची तुकतुकीत जमीन आपण पाहिली असेल. तशी जमीन चाकाखाली टिकत नाही, कारण टायरात अडकलेला बारीक खडा तिच्यावर ओरखडे काढतो. परंतु जेथे चाक जात नाही, तेथे भिंतीलगत दीड फुटाचा लाल पट्टा सहज करता येतो. रंगाचे वजन सिमेंटच्या दहाव्या भागाहून अधिक होऊ देऊ नये. मध्ये करडा रेघांचा कोबा आणि तिन्ही बाजूंनी लाल काठ असे रूप फार प्रसन्न दिसते, आणि खर्चही थोडा.

ज्यांस दगडच हवा असेल, त्यांनी शहाबादी घ्यावी. कलबुर्गी जिल्ह्यातील हा दगड आपणांस दूरचा नाही. मात्र ती पॉलिश केलेली नको, खडबडीत व जाड हवी. चारही कोपऱ्यांवर मालाचे गोळे ठेवून तिच्यावर लादी बसविण्याची घाई चालू देऊ नये. लादीखाली सगळीकडे माल भरलेला असला पाहिजे. काम झाल्यावर काठीने प्रत्येक लादी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती तेव्हाच उचलावयास लावावी, कारण मजुरी चुकती झाल्यावर कोणी उचलीत नाही.

शहरातून पाहून आलेले तरुण अलीकडे इपॉक्सीचा लेप मागतात. दोन द्रव्ये एकत्र मिसळून तो लावतात; काचेसारखा दिसतो आणि तेलाचा डाग त्यावर मुरत नाही. ही वस्तू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती आपल्या पावसाच्या प्रदेशासाठी जन्मलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खालून ओल आली की लेपाला फोड येतात व तो पापुद्र्याने सुटतो. तापलेल्या टायरास चिकटूनही तो कधी कधी निघतो. दारातून ऊन येत असेल तेथे पिवळा पडतो. ज्यास तो लावावयाचाच असेल, त्याने आधी हाताएवढ्या लांबीचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले अथवा कोबा काळवंडला तर लेपाचा विचार सोडावा. ही परीक्षा मे महिन्यात करून उपयोग नाही. तेव्हा सगळ्याच जमिनी कोरड्या असतात. ती जुलै-ऑगस्टात करावी. परीक्षेत उतरला तरी नव्या कोब्यावर २८ दिवसांच्या आत लेप देऊ नये, आणि देताना त्यात बारीक वाळू पेरून घ्यावी, नाहीतर आजीबाईंची गोष्ट पुन्हा घडेल.

राहिले डाग. इंजिनाचे तेल सांडले तर त्यावर लगेच लाकडाचा भुसा अथवा चुलीतील थंड राख टाकावी, रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडून धुण्याच्या सोड्याने घासावे. बाजारातील ॲसिड ओतू नये. ते डागाबरोबर सिमेंटही खाते, आणि शहाबादी तर चुनखडीचाच दगड असल्याने तिच्यावर खड्डेच पाडते. बॅटरीतील ॲसिड सांडल्यास पाण्याने पसरविण्याआधी त्यावर खाण्याचा सोडा भरपूर टाकावा. फेस येणे थांबले म्हणजे मग धुवावे, आणि ते पाणी कोंबड्यांच्या वाटेवर जाऊ देऊ नये.