गाडी एकाची, कागद दुसऱ्याचा

गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करताना कंपनी आधार, पॅन आणि फोटो मागते, तेव्हा अनेक घरांत कुरकुर सुरू होते. "इतकी वर्षे पैसे भरतोय, आणि आता आम्ही कोण ते विचारतात!" कागदपत्रे मागितली की आपल्या माणसांचे मन थोडे जास्तच सावध होते, त्याची कारणे वाचकांना सांगायला नकोत. पण ही मागणी एखाद्या कंपनीच्या मर्जीची नाही आणि एका समाजापुरतीही नाही. विमा नियामक प्राधिकरणाने १ जानेवारी २०२३ पासून जीवन, आरोग्य, वाहन अशा सर्व नव्या पॉलिसींसाठी केवायसी सक्तीची केली आहे. पूर्वी वाहनविम्यात ही विचारणा बहुधा मोठ्या रकमेच्या दाव्याच्या वेळी होई. अपघातानंतर धावपळ करण्यापेक्षा ती आधी झालेली बरी, असे आम्हाला वाटते.

(विमा घ्यावा की नाही याबाबत उलेमांत मतभेद आहेत, तो या सदराचा विषय नव्हे. थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, एवढे लक्षात असू द्यावे.)

आपल्या घरांत पहिली अडचण येते ती नावाची. आधारवर 'मोहम्मद', पॅनवर 'मो.', आणि लायसन्सवर मोहम्मद गायबच. शेख आणि सय्यद ही आडनावे इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिली जातात आणि सख्ख्या भावांच्या कागदांवरही ती सारखी नसतात. भगिनींच्या नावात एका ठिकाणी वडिलांचे नाव, दुसऱ्या ठिकाणी शोहरचे, शेवटी कधी बी, कधी बेगम. आपल्याला माणूस ओळखू येतो, पण कंपनीचा संगणक फक्त अक्षरे जुळवतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे एक स्पेलिंग आधी ठरवावे आणि मगच दुरुस्त्यांना हात घालावा. आधारवरील नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा घाईत एक संधी घालवू नये. लग्नानंतर नाव बदलले असेल तर जुन्या ओळखपत्रासोबत सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी चालते. नुसता निकाहनामा बहुधा पुरत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली निकाहाची नोंद करता येते. ज्यांनी ती केली नसेल त्यांनी करून घ्यावी.

पण स्पेलिंगपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गाडी चालवतो एक, आणि कागद असतो दुसऱ्याच्या नावावर.

कोकणातल्या कितीतरी घरांत मुलगा आखातात आहे, गाडी त्याच्या नावावर आहे आणि इथे ती धाकटा भाऊ चालवतो. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि ते सिमकार्ड रिचार्जअभावी कपाटात पडलेले असते. यावर उपाय आहे, ओळखपत्र म्हणून पासपोर्टही ग्राह्य असतो. मात्र पॉलिसीतले मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी व पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्याच्यासाठीच असते. धाकट्या भावाचे काही बरेवाईट झाले, अल्लाह न करो, तर त्याच्या बायकामुलांना त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते, आणि एजंट ते आपणहून सांगेलच असे नाही.

मरहूम वालिदांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे तशीच चालवणे हा याचाच दुसरा प्रकार. पूर्वी हप्ता भरला की पॉलिसी निघे. आता केवायसी करायची कोणाची? जी व्यक्ती हयात नाही तिच्या नावाने आधार पुढे करणे ही फसवणूक आहे, मग एजंट कितीही सहजपणे "चालतं" म्हणो. प्रमाणित पॉलिसीच्या अटींनुसार विमाधारकाच्या इंतकालानंतर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर चालू राहते. आरटीओला मृत्यूची माहिती तीस दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करायचा असतो. तिथे इतर वारसांची ना-हरकत मागतात. गाडी हा तरक्याचा भाग आहे, तिच्यात अम्मीचा आणि बहिणींचाही हिस्सा आहे. तेव्हा "इथे सही कर" एवढे म्हणून कागद त्यांच्यापुढे सरकवू नये. गाडीची किंमत ठरवून त्यांचा हिस्सा द्यावा किंवा त्यांनी तो खुशीने सोडावा, आणि मग सही घ्यावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे तसे येत नाही.

आता हे कागद द्यायचे कसे? आधारची पूर्ण प्रत दर वेळी द्यावी लागत नाही. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत काढता येते; आधी ती देऊन पाहावी. छायाप्रत द्यायची झाल्यास तिच्यावर तारीख आणि 'फक्त वाहन विम्यासाठी' असे आडवे लिहून सही करावी. एजंट ओळखीचा, मोहल्ल्यातलाच असला तरी ओटीपी त्याला फोनवर सांगू नये. आणखी एक गोष्ट मुद्दाम तपासावी: पॉलिसीवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा आहे? वेळ वाचावा म्हणून काही एजंट स्वतःचाच टाकतात. मग मुदत संपल्याची सूचना, दाव्याबाबतचा निरोप, सगळे त्यांच्याकडे जाते आणि आपण वाट पाहत बसतो. पॉलिसी हाती आल्यावर मालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत. नॉमिनीचा रकानाही पाहावा, तो रिकामा किंवा चुकीचा असल्याचे दाव्याच्या वेळीच कळले तर घरच्यांचे हाल होतात.

योग्य कागद देऊनही कंपनी अडवत असेल तर तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. दाद लागली नाही तर १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बीमा भरोसा' या पोर्टलवर प्राधिकरणाकडे जाता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करावा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.