रविवार कोणाचा?

कुटुंबाने एकत्र वेळ कसा घालवावा याचा उपदेश करणाऱ्यांची हल्ली वाण नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दूरचित्रवाणीवरील समुपदेशक आणि सहली विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती यांचा सूर एकच असतो : वेळ थोडा आहे हे खरे, पण आहे तेवढ्याचे सोने करा. मुलांना घेऊन बाहेर पडा, मोबाइल बाजूला ठेवा, दोन तासांत दोन दिवसांचा आनंद मिळवा. या विचाराला ‘क्वालिटी टाइम’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. उपदेश वरवर निरुपद्रवी दिसतो. मात्र एक प्रश्न त्यातून शिताफीने गाळलेला असतो. वेळ थोडा का आहे? उरलेला वेळ नेला कोणी?

हा प्रश्न गाळला की सारी जबाबदारी आई-बापांच्या डोक्यावर येऊन पडते. मूल अबोल झाले, तर बापाला वेळेचे नियोजन जमले नाही. नवरा-बायकोत दुरावा आला, तर त्यांनी एकमेकांसाठी वेळ ‘काढला’ नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री दहाला विरारला किंवा बदलापूरला परतणाऱ्या माणसाने तो काढायचा कोठून, हे मात्र कोणी सांगत नाही. वस्तुतः कुटुंबाचा वेळ हा प्रथम कामाच्या तासांचा प्रश्न आहे, म्हणजेच मालक आणि कामगार यांच्यातील प्रश्न आहे. सहलीचा डबा कसा भरावा हा प्रश्न त्यानंतरचा.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवावे लागू नये. ज्या रविवारी येथील कुटुंबे बाहेर पडतात, तो रविवार कोणा दयाळू मालकाने आपण होऊन दिलेला नाही. सत्यशोधक चळवळीतून पुढे आलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नको, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला मदत, अशा त्या मागण्या होत्या. त्या काळी रविवार उजाडला तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगाराला गिरणीत बोलावले जाई. लोखंड्यांना सहा वर्षे लढावे लागले. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुटीवर शिक्कामोर्तब केले.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८४ चा गिरणी कामगार आजच्या कोणत्याही कामगाराहून गरीब होता. तरीही त्याच्या निवेदनात पगारवाढीची मागणी नव्हती आणि आठवड्याच्या सुटीची मागणी अग्रभागी होती. रोजच्या बारा-तेरा तासांच्या कामाने केवळ शरीर झिजत नाही, तर माणसाचे माणूसपणच गिळले जाते, हे त्या निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या कामगाराला नेमके कळले होते.

आता सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर तोच रविवार परत मागितला जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे कर्मचाऱ्यांपुढील भाषण प्रसिद्ध झाले. त्यांनी ९० तासांचा पुरस्कार केला, रविवारी काम करवून घेता येत नाही याची खंत व्यक्त केली आणि घरी बसून माणूस बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा सवालही केला. देशभर या वाक्याची चेष्टा झाली आणि विषय तेथेच संपला. तो संपायला नको होता. ९० तास म्हणजे सातही दिवस सुमारे तेरा तास. त्यात जाण्यायेण्याचे दोन-तीन तास मिळवले, तर झोपेपुरताच वेळ उरतो. अध्यक्षांचे वक्तव्य असभ्य होते एवढेच म्हणून भागत नाही. घर म्हणजे कामगार रात्रीपुरता ठेवण्याची वखार, असे मानणारी दृष्टी त्यामागे आहे, आणि ती एका व्यक्तीची नाही.

ही दृष्टी भाषणांतून कायद्यांत कशी उतरते तेही पाहावे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली आणि दहापेक्षा कमी नोकर असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास, दुकानांतील कामाचे तास ९ वरून १० व कारखान्यांतील ९ वरून १२ करण्यास मंजुरी दिली. कारखान्यातील जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले.

समर्थक म्हणतात, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. बारा तासांचे चार दिवस भरले की तीन दिवस मोकळे. कुटुंबाला उलट अधिकच वेळ मिळेल. शिवाय जादा काम कामगाराच्या संमतीनेच होईल आणि त्याला दुप्पट दर मिळेल. युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, पण तो हिशेबाला टिकत नाही. तिमाहीचे १४४ तास म्हणजे आठवड्याला सरासरी ११ तास. ज्याचा पगार घरभाड्याला पुरत नाही तो जादा कामाला नाही म्हणणार नाही, आणि ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याला नाही म्हणता येणार नाही. अशा संमतीला स्वेच्छा म्हणणे ही थट्टा आहे. ज्या दिवशी बाप बारा तास यंत्रावर उभा असतो, त्या दिवशी लेकराला तो दिसतच नाही. मूल काही तीन दिवसांचे बोलणे साठवून चौथ्या दिवशी बोलत नाही. शाळेत काय झाले ते त्याला त्याच संध्याकाळी सांगायचे असते.

आठवड्याची सुटी नावापुरती शिल्लक राहिली तरी ती एकत्र मिळत नाही, ही आजची दुसरी फसवणूक आहे. नवरा पहारेकरी, त्याची सुटी मंगळवारी. बायको मॉलमधील दुकानात, तिची गुरुवारी. मुलांची शाळा बंद रविवारी. कागदोपत्री प्रत्येकाला सुटी आहे, पण कुटुंबाला एकही नाही. घरपोच खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या मुलांना तर रविवारीच सर्वाधिक धावावे लागते. एका वर्गाने घरी निवांत जेवावे म्हणून दुसऱ्या वर्गाने आपले घर सोडून रस्त्यावर फिरावे, अशी ही वाटणी आहे. लोखंड्यांच्या लढ्याचे मर्म केवळ ‘आठवड्यात एक दिवस विश्रांती’ एवढे नव्हते. साऱ्या वस्तीचा एकच दिवस मोकळा असावा, त्या दिवशी भजन व्हावे, सभा व्हावी, सोयरेधायरे भेटावेत, हेही त्यात होते.

पगारी रजेची कथाही अशीच आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सहकुटुंब प्रवासासाठी सवलत मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु बीड जिल्ह्यातून दरवर्षी उसाच्या फडावर जाणाऱ्या जोडप्याचे काय? तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड कापला जातो. सहा महिने मुले एक तर आजी-आजोबांकडे, नाही तर पाचटाच्या खोपीत. पूर्वी कारखान्यात पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. नव्या श्रमसंहितेने ते १८० वर आणले. कागदावर ही सुधारणाच आहे. पण दर चार महिन्यांनी ज्याचा ठेकेदार बदलतो, त्याचे १८० दिवस भरायचे कधी?

‘पोटाला नाही तेथे सहलीचे काय घेऊन बसलात?’ असा प्रश्न विचारणारे चळवळीतही आहेत. सहल म्हणजे मध्यमवर्गीय चैन, ही समजूत डाव्या चळवळीत जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. फ्रान्समध्ये मे-जून १९३६ मध्ये सुमारे वीस लाख कामगारांनी संप केला आणि लेऑ ब्ल्यूम यांच्या समाजवादी नेतृत्वाखालील सरकारने त्याच जूनमध्ये ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची पगारी रजा यांचे कायदे केले. लेऑ लाग्रांज या तरुण मंत्र्याने कामगार कुटुंबांसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवली. प्रतिगामी वृत्तपत्रांनी त्याला ‘आळसाचा मंत्री’ म्हणून हिणवले. पण त्या उन्हाळ्यात लक्षावधी कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. पुढे १९४२ मध्ये नाझींच्या आश्रित राजवटीने ब्ल्यूम यांच्यावर खटला भरला. देश दुर्बळ केल्याचा आरोप झेलताना त्यांनी त्या सुटीचा उल्लेख अपराधी भावनेने केला नाही. जुन्या मोटारी आणि जोडसायकली घेऊन बाहेर पडलेली कामगार जोडपी पाहून, आपण या कष्टाच्या आयुष्यांत थोडा उजेड आणला असे वाटल्याचे त्यांनी न्यायालयात अभिमानाने सांगितले. समाजवाद्याला सहलीची लाज वाटण्याचे कारण नाही.

वेळ मिळाला तरी जायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांची होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाच्या वेळी तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बागा व्हायच्या तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. १९८२ च्या संपात होरपळलेल्या कामगाराची नातवंडे आज त्याच जमिनीवरच्या थंडगार दालनात रविवारी काचेतून वस्तू बघत हिंडतात, किंवा तेथेच रविवारी विक्रेते म्हणून उभी असतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मोठ्यांना ५ आणि मुलांना २ रुपये पडत. ऑगस्ट २०१७ मध्ये ते दर ५० आणि २५ झाले. आई-वडील आणि दोन मुले यांना मिळून १०० रुपयांची ‘सवलत’ ठेवली. १४ रुपयांत होणारी फेरी १०० वर गेली. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तेथे मुलांना हत्ती दाखवण्याचा बेत एवढ्यानेही पुढच्या महिन्यावर जातो.

हा सारा दोष भांडवलदारांच्या आणि सरकारच्या पदरात टाकून चळवळीला मोकळे होता येणार नाही. सहल निघते तेव्हा पहाटे चारला उठून पुऱ्या लाटणारी बाईच असते. समुद्रावर मुले खेळतात, पुरुष गप्पा मारतात, ती डबे उघडते, वाढते, आवरते आणि रात्री घरी आल्यावर भांडी घासते. तिची सुटी कोणत्या वारी असते? आणि जिच्या जिवावर पांढरपेशा घरांचा रविवार साजरा होतो त्या मोलकरणीला आठवड्याची पगारी सुटी देणारी पुरोगामी घरे तरी किती आहेत? राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण आठवड्याच्या सुटीचा हक्क अजून घरमालकिणीच्या मर्जीवर आहे. तो हक्क देण्यासाठी कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.

कार्यकर्त्यांच्या घरांचेही तेच. शिबिर रविवारी, मोर्चाची तयारी रविवारी, कार्यकारिणीची बैठक रविवारी. सहा दिवस मालकाचे आणि सातवा चळवळीचा, तर मुलाबाळांचा कोणता? त्याग थोर आहे, परंतु तो बायको-मुलांना न विचारता त्यांच्या वतीने केला जातो, तेव्हा त्याचे मोल कोणी चुकवले हेही पाहावे लागते. कार्यकर्त्यांची मुले चळवळीपासून दूर का गेली याची चर्चा परिसंवादांतून रंगते. वडील घरी दिसतच नव्हते, हे साधे उत्तर तेथे कोणी देत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. कामाचा दिवस आठ तासांचाच राहिला पाहिजे आणि जादा काम नाकारणाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे. नवरा-बायको दोघेही कमावते असतील तेथे आठवड्याची एक समाईक सुटी मागण्याचा हक्क हवा. ठेक्यावरील, घरेलू आणि ऊसतोडणी कामगारांना, ठेकेदार वा मुकादम कोणीही असो, पगारी रजा मिळाली पाहिजे. सार्वजनिक बागा आणि संग्रहालये आठवड्यातून एक दिवस तरी विनामूल्य खुली हवीत. आणि संघटनांनी स्वतःपासून आरंभ करावा. महिन्यातील निदान एका रविवारी एकही बैठक होऊ नये, आणि शिबिर असेल तेव्हा ते सहकुटुंब असावे, स्वयंपाकाची पाळी पुरुषांवर ठेवून.

थोड्या वेळाचे सोने कसे करावे हे श्रमजीवी कुटुंबाला शिकवण्याची गरज नाही. दहा रुपयांच्या चण्यांवर आणि चौपाटीच्या वाळूवर ते त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. गरज आहे ती वेळ थोडा राहू न देण्याची. १८९० चा रविवार संघटनेने मिळवला होता. तो आज तासातासाने काढून घेतला जात असताना घराघराला वेळापत्रकाचे धडे देत बसणे म्हणजे चोरी पाहून घरधन्याला काटकसर शिकवण्यासारखे आहे.