फटाका सायलेन्सरवर रोड रोलर, रिकाम्या सायलेन्सरला पीयूसी!

दर दोन-चार महिन्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून तोच फोटो येतो. रस्त्यावर बुलेटचे सायलेन्सर ओळीने मांडलेत, वरून रोड रोलर जातोय, मागे अधिकारी उभे. आम्ही पत्रकार तो फोटो आनंदाने छापतो, लोक लाईक ठोकतात. कारवाई योग्यच आहे. रात्री बारा वाजता आजारी माणसाच्या खिडकीखाली फटाके फोडत जाणाऱ्याला दंड झालाच पाहिजे.

पण मला आज त्या सायलेन्सरबद्दल बोलायचंय जो आवाज करत नाही. बाहेरून अगदी कंपनीचा वाटतो आणि आतून रिकामा असतो. त्याच्यावर रोड रोलर फिरल्याचा फोटो मी आजपर्यंत पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर दाखवा.

यंदा पावसाळ्यात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला. हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका गॅरेजचा नाही. मिस्त्रीने सरळ विचारलं, "साहेब, जाळीवाला टाकू की खाली?" फरक हजारोंचा होता. "खालीमध्ये पिकअप वाढतो, सगळे तेच टाकतात. सेन्सरचं मी बघतो, लाइट येणार नाही." मी म्हटलं, आणि पीयूसी? तो नुसता हसला. मंडळी, ही पोस्ट त्या हसण्याबद्दल आहे.

आधी ती "जाळी" म्हणजे काय ते समजून घेऊ. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या वाटेवर एक डबा बसवलेला असतो. त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. पेट्रोल किंवा सीएनजी जळल्यावर निघणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या जाळीतून गेले की त्यातल्या बहुतेकांचा कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होतो. आजच्या गाड्यांत डब्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पहिला इंजिनाच्या कॉम्प्युटरला इंधनाचं प्रमाण सांगतो, दुसरा जाळी काम करतेय की नाही ते बघतो. जाळी काढली की दुसरा सेन्सर बोंब मारतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. म्हणून "सेन्सरचं मी बघतो". म्हणजे काय, तर वॉचमनच्या डोळ्यावर पट्टी बांधतो.

ही काही कालची चैन नाही. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं जाळीची वाट लावतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, गाड्या महागल्या. ते पैसे आपण शोरूममध्ये मोजले. आणि आता तीच वस्तू काढून टाकायला पुन्हा पैसे देतोय!

ज्याला तिची किंमत कळायची त्याला बरोबर कळली आहे. २०२१ पासून गुजरात आणि महाराष्ट्रात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. ईकोच का? गाडी उंच, खाली शिरायला जागा, चार नटबोल्ट काढले की काम झालं. चोराला पत्रा नको असतो, जाळीची राखाडी "माती" हवी असते, कारण तिच्यात प्लॅटिनम आहे. सकाळी मालक गाडी सुरू करतो तेव्हा ट्रॅक्टरसारखा आवाज येतो. थर्ड पार्टी विमा असेल तर हातात एक रुपया पडत नाही. धंद्याची गाडी, शाळेची मुलं न्यायचीत, हप्ता भरायचाय. मग तो काय करतो? खाली डबा लावतो आणि कामाला लागतो.

त्या माणसावर माझा राग नाही. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे जी त्याला नंतर हसत हसत पीयूसी देते.

पीयूसीत पेट्रोल गाडीचा काय तपासतात? कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. नळी नीट आत घालून, इंजिन गरम असताना तपासणी केली तर बिनजाळीच्या गाडीला ही मर्यादा पाळणं फार जड जातं. तरी सर्टिफिकेट मिळत असेल तर नळी कुठे होती, हा प्रश्न आहे. मी हवेत बोलत नाही. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या एक लाखाहून जास्त गाड्यांना तिथे पीयूसी दिल्याचं त्यात नोंदवलंय. देशाच्या राजधानीत हे, तर आपल्याकडे टपरीला लावलेल्या मशिनचं ऑडिट कोण करतंय?

डिझेलची गोष्ट आणखी वाईट. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. आणि बीएस-६ ट्रकमधली मोठी यंत्रणा नेमकी त्यांच्यासाठीच आहे. ज्याला ड्रायव्हर लोक "युरिया" म्हणतात, ते डीईएफ म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया. ते गरम धुरात फवारलं की नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. टाकी रिकामी झाली तर ट्रकची ताकद कमी होते, म्हणजे नियम मोडणाऱ्याला गाडीच शिक्षा करते. त्यावरही तोड निघाली आहे. एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी लावायची, ती कॉम्प्युटरला सांगत राहते की युरिया चालू आहे, सगळं ठीक आहे. धूर काळा दिसत नाही, पीयूसी पास. कागदावर बीएस-६, रस्त्यावर वीस वर्षांपूर्वीचा ट्रक.

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवतंय? २०१५ मध्ये अमेरिकेत पकडले गेले. सॉफ्टवेअर असं लिहिलं होतं की तपासणीत गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण. आपल्या पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या, कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोकला. त्याच्या वसुलीच्या सक्तीला पुढे सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, ते वेगळं. सांगायचं एवढंच की तपासणीला फसवणारी तीच लबाडी मोठ्या कंपनीने केली की जगभर बोंब होते, आणि रस्त्याकडेला केली की तिला "जुगाड" म्हणून शाबासकी मिळते.

आता वरसाव्याला या. जेएनपीटीकडून गुजरातला जाणारा माल घोडबंदर रोडने येऊन इथेच हायवेला लागतो. २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल सुरू झाला, तरी घोडबंदरला जरा खोदकाम निघालं की ट्रकांची रांग तासन् तास जागेवर धडधडत उभी. एका बाजूला नॅशनल पार्कचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये चेणे, काजूपाडा, वरसावे. त्या रांगेत ट्रॅफिकचा पोलीस आठ तास उभा असतो, पाड्यावरची मुलं तिथूनच शाळेत जातात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, आपण म्हणतो ऊन लागलं. दहिसरचा टोल नाका इकडे हलवण्यावर आपण सगळे तावातावाने बोललो. या धुरावर कोण बोललं?

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाही. कलम १८२ अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. सगळं पुस्तकात आहे. पण पकडायला खाली वाकावं लागतं. आवाज ऐकायला वाकावं लागत नाही!

मला माहितीये उत्तरं काय येणार. "ॲव्हरेज वाढतं." सेन्सर फसवला की इंधनाचा हिशोब बिघडतो, ॲव्हरेज वाढायचं सोडून पडू शकतं. "जाळी चोक झाली की गाडी ओढत नाही." खरंय. पण जाळी आपोआप चोक होत नाही. इंजिन ऑइल खातंय, प्लग मिस मारतोय, ते दुरुस्त करा आणि मग जाळी बदला. "ट्रकवाल्यांना सोडून माझ्या गाडीच्या मागे का?" म्हणून तर वर दोघांचंही लिहिलंय. "गरिबाने काय करायचं?" त्याचं उत्तर सरकारने द्यायचंय, आणि त्याच्या मुलाच्या फुफ्फुसातून ते वसूल करायचं नाही.

परिवहन मंत्री प्रताप सरनाईक ओवळा-माजिवड्याचे आमदार आहेत, म्हणजे आपल्या बाजूचेच. "पीयूसी नाही तर इंधन नाही" असं त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. साहेब, घोषणा चांगली आहे, पण पीयूसीच खोटं असेल तर पंपावर नुसता कागद तपासून काय मिळणार? माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. पीयूसी देताना डॅशबोर्डचा इंजिन दिवा तपासा आणि गाडीखालून कन्व्हर्टरचा फोटो काढा. फोटो सर्टिफिकेटला जोडा.

२. वरसावे नाक्यावर आरटीओचं पथक उभं करा. बीएस-६ ट्रकच्या प्लगला स्कॅनर लावा, युरियाची टाकी आणि खोटी डबी तपासा.

३. एक्झॉस्टचं काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलावर लिहावं: जुना कन्व्हर्टर परत दिला, कोणता बसवला, दोन्ही सेन्सर जोडले.

४. भंगारवाल्याने कन्व्हर्टर कोणाकडून घेतला त्याची नोंद ठेवावी. चोरीचं मूळ तिथे आहे.

५. ज्याचा कन्व्हर्टर चोरीला गेला आणि ज्याने पोलिसात तक्रार दिली, त्याला नवा बसवायला मुदत द्या. आधी चोराकडून आणि मग दंडाने, दोनदा मारू नका.

आणि तुमच्या हातातलं काम. सायलेन्सर बदलायला गेलात तर जुना तुकडा परत मागा, ती तुमची मालमत्ता आहे. नवा बसल्यावर गाडीखाली वाकून सेन्सरच्या दोन्ही वायर जोडल्यात का बघा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवून तो लागलाच नाही, तर समजा कोणीतरी त्याचा गळा दाबलाय.

गॅरेजवाल्या मित्रांनो, जे जाळी नीट बसवून बिल देतात त्यांनी कमेंटमध्ये आपला भाग लिहा, लोक शोधत येतील. ईकोवाल्या दादांनो, तुमचा सायलेन्सर चोरीला गेला असेल तर मेसेज करा, नाव छापणार नाही. जमले तेवढे किस्से एकत्र करून मी आरटीओला लेखी निवेदन देणार आहे आणि काय उत्तर आलं ते इथेच टाकणार आहे. नाही आलं, तर नाही आलं असंही टाकेन.