कुपोषणाचे आकडे : बेरजेआधी पडताळा हवा

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या 1992-93 मधील बालमृत्यूंनी राज्य हादरले. 2016 मध्ये शेजारच्या मोखाड्यातील बालमृत्यूंनी तीच जखम पुन्हा उघडी केली. आकड्यांचा वाद मात्र सरलेला नाही. अंगणवाडीतील नोंदी, आरोग्य खात्याची तपासणी आणि राष्ट्रीय पाहणी यांचा मेळ बसला नाही की लपवाछपवीचा आरोप होतो. तो कधी खराही असतो.

तथापि मापनातील भेदही तितकाच जबाबदार आहे. वयानुसार वजन पाहिले तर खुजे मूल तीव्र कमी वजनाचे ठरू शकते; उंचीनुसार वजन किंवा साडेअकरा सेंटिमीटर दंडघेराची कसोटी लावली की तेच यादीबाहेर राहते. अशा आकड्यांची सरासरी काढणे निरर्थकच.

कसोटी एकच असेल, तेव्हा प्रयोगशाळांची मापे एकत्र करण्याचे संख्याशास्त्र उपयोगी पडते. ज्या मापातील अनिश्चितता कमी, त्याला भार अधिक. आणि प्रयोगशाळांमधील तफावत त्यांनी सांगितलेल्या चुकीहून मोठी निघाली, तर तिचा वेगळा हिशेब. मापे वाढवली की योगायोगाच्या चुका घटतात. काटाच दोनशे ग्रॅम जादा दाखवत असेल, तर हजार मुले मोजूनही ती चूक तसूभर हलत नाही. म्हणूनच प्रयोगशाळांत एकच नमुना सर्वांकडे फिरवतात. पाड्यापाड्यांवर एक प्रमाणित वजन फिरवणे काही खर्चिक नव्हे. त्या दोनशे ग्रॅमपायी सीमारेषेवरचे तीव्र कुपोषित बालक मध्यम गटात जाते आणि ग्राम बाल विकास केंद्रातील आहार-उपचाराला मुकते.